गट ‘ब’ची दुपार

दोन हजार तेवीस साल. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होतो, असं आधार कार्ड म्हणतं. कार्डावर माझा जन्म एक जानेवारीचा आहे. आमच्या वस्तीवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांचा एक जानेवारीचाच आहे. त्या एका दिवशी आमच्या आयांनी डोंगर नुसता दणाणून सोडला असणार. गावातले निवृत्त गुरुजी मात्र एक जूनचे. शाळेत नाव घालायला जून बरा पडतो, म्हणून ते जूनमध्ये जन्मले. गुरुजी आणि मी एकाच सालातले, एकाच सुईणीच्या हातचे, पण सरकारदरबारी ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं विद्वान माणसांनी हीच वयं कागदावर उतरवून घेतली आणि माना हलवल्या.

मी मेंढपाळ. केजच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती. चाळीस-बेचाळीस मेंढरं, एक कुत्रं आणि एक मुलगा असा माझा पसारा. त्यातलं कुत्रं ऐकतं.

मुलाचं केजात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा वाईट नाही. पण दिवसभर लोकांची बंद पडलेली यंत्रं उघडून उघडून त्याला सवय लागली, की जे जुनं झालं ते आतून बिघडलेलंच असणार. मेंढरं विकून टाका, घरी बसा, हे त्याचं दोन वर्षं चालू होतं. त्यात त्या पौषात माझी एक मेंढी डोंगरातून परत आली नाही. झालं. तेव्हापासून मी चष्मा शोधायला लागलो तरी तो सुनेकडे बघायचा. मेंढरं गेली तर माझं काय होणार ते मला पक्कं दिसत होतं. दारात बाज टाकतील, आणि येणारा-जाणारा विचारील, आबा जेवला का. त्या प्रश्नाच्या पलीकडं माझ्या आयुष्यात दुसरं काही उरलं नसतं. म्हणून मी अडून बसलो होतो.

फेब्रुवारीत एक पांढरी गाडी आली. बाहेरच्या कुठल्या तरी मोठ्या कॉलेजातली माणसं होती. त्यांची पुढारी एक तिशीची बाई. बोलायला गोड, पायात बूट, हातात कागदांची पाटी. तिनं पारावर सगळ्या म्हाताऱ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, की म्हातारपणी माणसाचा मेंदू कसा राहतो, ते आम्ही बघतोय. शाळा शिकलेल्यांचा कसा राहतो आणि न शिकलेल्यांचा कसा. एका गटात शिकलेले, दुसऱ्यात न शिकलेले. पहिला गट ‘अ’, दुसरा ‘ब’.

मी म्हणालो, मी दुसरी शिकलोय.

ती म्हणाली, चौथीच्या खालचे सगळे ‘ब’मध्येच येतात, आजोबा.

गुरुजी अर्थातच ‘अ’. ते लगेच उठून त्या बाजूच्या बाकावर जाऊन बसले. तिथं केजाचे दोन निवृत्त कारकून होते, एक पोस्टमास्तर होता, सोसायटीचा माजी सचिव होता. आम्ही बाराजण खाली जोत्यावर. मेंढरांचे दोन कळप पाणवठ्यावर समोरासमोर आले की कसं होतं, तसंच झालं. फरक एवढाच, की मेंढरं एकमेकांकडं बघून हसत नाहीत.

माझ्या त्या दुसरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

मी दहा वर्षांचा असताना दुपारी राखणीला होतो आणि लांडग्यानं कोकरू नेलं. बाप आला. त्यानं एकच विचारलं, ‘झोपलतास का?’ मी म्हणालो, व्हय. खरं बोललो. बापानं मारलं नाही. माझ्या हातातली काठी काढून घेतली, थोरल्या भावाला दिली आणि चुलत्याला म्हणाला, ‘ह्यो राखणीच्या कामाचा न्हाई. ह्याला शाळेत घाला.’

असा मी शिक्षणाकडं वळलो. लोक हुशार निघतात म्हणून शाळेत जातात, मी झोपलो म्हणून गेलो. एकच खोली, एकच मास्तर, चारी वर्ग एकत्र. माझ्या वयाचे गुरुजी चौथीच्या रांगेत बसून पाढे म्हणायचे आणि मी पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांत उंटासारखा. दोन वर्षांनी भाऊ साखर कारखान्यावर गेला, तेव्हा बापानं काठी परत दिली. त्या दिवसापासून ‘झोपलो’ हा शब्द मी तोंडाबाहेर काढला नाही. आणि मी एकटाच असा नाही. आमच्यात कुणीच काढत नाही. राखणीवर मेंढरू गेलं तर डोळ्यात कुसळ गेलतं म्हणतात, उन्हाची तिरीप आलती म्हणतात, कुत्रं भलतीकडं धावलं म्हणतात. ऐकणाऱ्यालाही सगळं कळतं आणि तोही म्हणतो, कुसळ लई वाईट. राखणदार झोपला असं एकदा ठरलं की त्याच्या हातात काठी राहत नाही.

तर आधी पारावर परीक्षा झाल्या. बाईनं दहा शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. टेबल, पडदा, गिरणी, बाग असले. मला सहा आले. पडद्याशी माझा जन्मात संबंध आला नाही, तो कशाला ध्यानात राहील? मग कागदावरचे आकडे रेघेनं जोडायला लावले. मग म्हणाली, एका मिनिटात जमतील तेवढी जनावरांची नावं सांगा.

हे काम माझं. मी सुरू झालो. बांडी, काळतोंडी, शिंगमोडी, खोकली, लंगडीची थोरली, लंगडीची धाकटी, चोरटी, पाटोद्याची, मुकी... पस्तीसच्या पुढं गेलो असेन. बाईनं हात वर केला.

‘आजोबा, जनावरांची नावं हवी होती.’

‘मग ही काय माणसं हायत?’

ती हसली आणि तिनं लिहिलं. मला अक्षर ओळखता येतं, दुसरी काही फुकट गेली नाही. तिनं लिहिलं, मेंढी. आणि पुढं एक.

गुरुजींनी सांगितलं सिंह, वाघ, हत्ती, जिराफ, कांगारू, पाणघोडा. अठरा झाली. ज्या माणसानं उभ्या हयातीत जिराफाचं शेपूट पाहिलं नाही त्याला जिराफाचा मार्क, आणि माझी खोकली रात्री कुठल्या कुशीवर बसते हे मला ठाऊक, तर मला एकच. शिवाय गुरुजींच्या दारात म्हैस होती, ती त्यांच्या अठरांत आलीच नाही. दूध पिताना मात्र ध्यानात असायची.

आठवडाभरानं मशीनचं बोलावणं आलं. मशीन अंबाजोगाईला एका तपासणी केंद्रात होतं. गुरुजींच्या गटाला मोटारसायकली होत्या, पोरं होती. ते सकाळी आठ वाजता चहा पिऊन, पावडर लावून गेले. आम्हाला आधी मेंढरं सोडायची, कुणाला तरी ती सोपवायची, मग फाट्यावर यायचं. म्हणून त्यांनी आमच्यासाठी जीप ठरवली, ती दहाला निघायची. तीन दिवस, रोज चारजण. पोचेपर्यंत साडेअकरा. लांबून आलेत म्हणून त्या माणसांनी आम्हाला आधी जेवू घातलं. पुरी, बटाट्याची भाजी, वर शिरा. माणुसकी म्हणून केलं, मी नाव ठेवत नाही.

मग कानातल्या बाळ्या काढल्या, करदोड्याची चांदीची पेटी काढली, हातातलं कडं निघेना तर साबण लावून काढलं. एका फळीवर आडवं केलं, डोक्याला दोन्ही बाजूंनी मऊ गाद्या दाबल्या आणि फळी एका भोकात सरकवली. वर आरसा होता, त्यात अधिकाची खूण दिसत होती. बाई आधीच सांगून गेली होती: खुणेकडं बघत राहायचं, हलायचं नाही, झोपायचं नाही आणि कशाचाही विचार करायचा नाही. काही काम नसताना मेंदूचे कोणते भाग एकमेकांच्या लयीत चालतात ते मशीन टिपतं म्हणे.

आता मशीन सुरू झालं की ठकठक, घर्रघर्र असा आवाज येतो. लोक घाबरतात. आम्हाला काय घाबरायचं? ज्यानं बेचाळीस मेंढरांच्या रवंथीत आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या आवाजात आयुष्य काढलं, त्याला आवाज थांबला तर जाग येते. वर थंडगार हवा. अंगावर त्यांनीच टाकलेली चादर. पोटात शिरा. दुपारचे बारा.

बाहेर आल्यावर बाईनं सगळ्यांना विचारलं तसं मलाही विचारलं, झोप लागली होती का?

मी म्हणालो, न्हाई.

जाताना एक टॉवेल आणि टोपी मिळाली. परतीच्या जीपमध्ये आम्ही चौघं एकमेकांकडं न बघता टोपीचं कापड चाचपत बसलो होतो.

मग दिवाळीनंतर ती माणसं परत आली. गावाला निकाल सांगायचा असतो म्हणे, तशी रीत आहे. ग्रामपंचायतीच्या खोलीत भिंतीवर चित्रं पाडली. दोन मोठे मेंदू, अक्रोडासारखे. त्यावर रेघा. गट ‘अ’च्या मेंदूवर रेघांचं दाट जाळं, जाड जाड, तांबडं. गट ‘ब’च्या मेंदूवर विरळ. कुडाला पडलेल्या भगदाडासारख्या मोकळ्या जागा. बाई म्हणाली, सरासरीनं बघितलं तर शाळा न शिकलेल्यांच्या मेंदूतली जोडणी कमकुवत दिसते, आणि त्या परीक्षांमध्येही गट मागे पडला आहे. म्हणून शिक्षणाचं महत्त्व. टाळ्या पडल्या. आम्ही पण वाजवल्या. आपल्याच डोक्यातल्या भोकांना टाळ्या वाजवणारे बारा म्हातारे सबंध मराठवाड्यात दुसरीकडं सापडायचे नाहीत.

तिनं आणखी एक वाक्य म्हटलं होतं, हे कुणा एका माणसाबद्दल नाही. ते तेवढ्यात चहा आल्यामुळं कुणी ऐकलं नाही. माझ्या पोरानं तर त्याच्या आधीच भिंतीचा फोटो काढून घेतला होता.

बाहेर गुरुजींनी गाठलं. ‘आमचं जाळं दाट निघालं बरं का,’ म्हणाले. मी म्हणालो, दाट जाळ्यात चिलटं लई अडकतात. तोंडावर तर परतवलं, पण मनाला लागलंच.

घरी पोरानं फोटो मोठा करून दाखवला. ‘आबा, हे बघा. आता मी न्हाई म्हणत, मशीन म्हणतंय.’ सूनही वाकून बघून गेली. पाटोद्याच्या बाजाराचा एक व्यापारी त्याच्या ओळखीचा. त्याच्याशी बोलणं झालेलं होतं, शुक्रवारी टेंपो घेऊन येणार होता. म्हणजे निकालाच्या आधीच बोलणं झालेलं, निकाल फक्त वर लावायला घेतला.

मी म्हणालो, माझी कोणती तार ढिली हाय ते ती बाई बोट ठेवून दाखवील, तर मी स्वतः मेंढरं टेंपोत चढवून देतो. ती माणसं अजून आठवडाभर अंबाजोगाईच्या त्या केंद्रात होती. बुधवारी मी निघालो. पोरगा दुकान बंद ठेवून बरोबर आला. मी एकटा हरवीन म्हणून. ज्या रस्त्यानं मी पन्नास वर्षं मेंढरं नेली, त्या रस्त्यावर.

बाई एका छोट्या खोलीत संगणकासमोर बसली होती. चहा सांगितला. मी म्हणालो, चहा नको, माझं डोकं काढा.

तिला वाटलं मी भांडायला आलोय. बरोबरच वाटलं. ती समजुतीच्या सुरात सांगायला लागली, की आजोबा, एकेकट्याचं ह्यातून सांगता येत नाही. एकेका मेंदूत खूप गडबड असते. खूप जणांचं एकत्र करून सरासरी काढली की मग गटागटातला फरक दिसतो. तुमच्या गटातही कुणाचं जाळं दाट असेल, त्यांच्यातही कुणाचं विरळ.

‘मग गुरुजीचं दाट आन माझं विरळ, असं न्हाई म्हणता येत?’

‘नाही येत.’

मी पोराकडं बघितलं. तो दाराच्या चौकटीला टेकून मोबाईल बघत होता.

‘न्हाई येत तर मग माझी मेंढरं कावून चालली टेंपोत?’

मग तिला सगळं सांगावं लागलं. तिचा चेहरा उतरला. ती पोराला म्हणाली, अहो, मी असं सांगितलं नव्हतं. पोरगा म्हणाला, मॅडम, पण गट तर मागं पडलाय ना? ती म्हणाली, पडलाय. पोरगा म्हणाला, आन आबा त्याच गटात हायत ना? ती म्हणाली, आहेत, पण... आणि त्या ‘पण’च्या पुढं तिला जाता येईना. पोरगं मोबाईल दुरुस्त करणारं. एका कंपनीचे दहा मोबाईल बिघडलेले आले की अकरावा न उघडता बाजूला ठेवतं.

तेव्हा मी तिला आमच्या पद्धतीनं विचारलं. म्हणालो, बाई, समजा माझा कळप आन पाटोद्याच्या माणसाचा कळप. कुणाची मेंढरं वजनदार, अशी पैज लागली. त्याची सकाळी, पाणी पाजून आणून तोलली. माझी बारा कोस चालवून, लोकर कातरून तोलली. माझी हलकी भरली. मग माझी जात हलकी का?

ती म्हणाली, म्हणूनच आम्ही सगळं सारखं ठेवतो. मशीन एकच, परीक्षा एकच, वयं सारखी.

वयांचं मी सोडून दिलं. एक जानेवारी आणि एक जून ह्यांची भांडणं मला त्या खोलीत सोडवायची नव्हती. मी विचारलं, गुरुजीला कवा घातलं मशीनमध्ये?

तिनं कागद बघितला. सकाळी साडेआठ. पोस्टमास्तर, नऊ वीस. सगळे तसेच. आमची वेळ तिनं बघितली नाही, तिला आठवत होती. बारा, साडेबारा, एक.

‘दुपार होती, हे खरं,’ ती म्हणाली. ‘पण त्यानं एवढं होत नाही, आजोबा. माणूस जागा आहे की झोपलाय, ह्यानं मात्र होतं. झोपेत ही जोडणी बदलतेच. म्हणून तर आम्ही प्रत्येकाला बाहेर आल्या आल्या विचारलं.’ तिनं एक कागद माझ्यापुढं सरकवला. ‘हे बघा. एकही झोपला नव्हता.’

कागदावर खाली खाली बारा ओळी होत्या. प्रत्येक ओळीपुढं लिहिलेलं, नाही. नाही. नाही. नाही. चौथी ओळ माझी.

मी तो कागद हातात घेतला. मला ते बाराच्या बारा म्हातारे दिसत होते, साबण लावून कडं काढलेले, टोपी हातात धरलेले, आणि तिनं विचारल्यावर छाती पुढं काढून न्हाई म्हणालेले. त्या प्रत्येकाच्या मागं त्याचा बाप काठी मागत उभा होता. तिला ते कसं दिसणार? ‘अ’ गटातल्या चौघांनी तर हसत सांगितलं होतं, जरा डुलकी लागली हो. कारकुनाला डुलकीची लाज नसते, खुर्चीला लांडगा येत नाही. त्यांना तिनं जागं करून पुन्हा घातलं होतं. तेही त्याच कागदाच्या मागं लिहिलं होतं.

माझ्यापुढं आता दोनच वाटा. गप्प बसलो तर मशीन म्हणतंय म्हणून मेंढरं जाणार. बोललो तर मीच म्हणतोय म्हणून जाणार. आणि पोरगा दारात उभा.

मी म्हणालो, ‘चौथी ओळ खोडा. मी झोपलतो.’

त्रेसष्ट वर्षांनी बोललो. आवाज जरा बारीक आला.

ती म्हणाली, थोडा वेळ डोळा लागला असेल.

‘थोडा न्हाई. घातल्यापासून काढेपर्यंत. ती अधिकाची खूण मी येकदाच बघितली.’

‘आणि बाकीचे?’

‘बाकीच्यांचं मी सांगणार न्हाई. येवढं सांगतो, की मेंढक्याला बारा वाजता जेवू घालून, अंधारात आडवा केला आन तो जागा राहिला, तर त्याला दवाखान्यात न्या. आमचं झोपणंच दुपारचं असतंय, कळप सावलीला बसला की. रातची राखण असती.’

तिनं खुर्ची वळवली. संगणकावर काहीतरी उघडलं, वेड्यावाकड्या ओळी खालून वर जाणाऱ्या. आमच्यातल्या एकाचं उघडलं, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. मग दोन्ही हातांनी चेहरा चोळला. शिकलेल्या माणसाला चूक कळली की तो आधी चेहरा चोळतो, आम्ही आधी दुसऱ्याच्या कुत्र्याला दगड मारतो. मग हळू म्हणाली, हे लिहून छापायला पाठवायचंच राहिलं होतं, पुढच्या आठवड्यात पाठवणार होते. नशीब.

कुणाचं नशीब ते तिनं सांगितलं नाही. म्हणाली, पुन्हा करावं लागेल, सोमवारपासून, सकाळी आठला, आधी न जेवता. झोप झालेली असताना. तुम्ही याल का सगळे? आणि मग थांबून, जरा अवघडून, ‘खरं सांगतील का?’

मी म्हणालो, येतील. खरं सांगतील का ते मी बघतो. आणि ती जनावरांची नावं पण पुन्हा घ्यायची. ती म्हणाली, त्याचा नियम मला बदलता येत नाही, आजोबा. मेंढी ती एकच. एवढं होऊनसुद्धा. म्हणून म्हणतो, शिक्षणाचं महत्त्व.

परतीला जीपमध्ये आम्ही मागच्या बाकड्यावर होतो, पायांत कुणाच्या तरी कांद्याच्या पिशव्या. केज जवळ आलं तसा पोरगा माझ्याकडं वळला. मग म्हणाला, ‘आबा, डोंगरात पण झोपता का तुमी?’

‘रोज.’

‘आन मेंढरं?’

‘ती बी झोपत्यात. कुत्रं बसतंय जागं.’

‘आन पौषात गेली ती?’

गेल्या पौषापासून त्या मेंढीच्या बाबतीत मी कुसळ सांगत होतो, तिरीप सांगत होतो, आणि एकदा तर बिबट्याच्या अंगावर टाकून मोकळा झालो होतो. बिबट्या तालुक्यात असल्याचं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण एकदा तोंड उघडलं की ते मिटायला वेळ लागतो.

‘झोपलतो,’ मी म्हणालो. ‘तिला चोरून चरायची खोड होती. उठून गेली असंल पलीकडच्या तुरीत. मला कळलं तवा ऊन कललं होतं.’

पोरगा खिडकीबाहेर बघत राहिला. मी मनात म्हटलं, संपलं. आता टेंपो शुक्रवारचा गुरुवारी येईल.

पण तो म्हणाला, ‘म्हंजी डोकं न्हाई गेलेलं.’

‘डोकं कुठं जातंय? झोप आली.’

‘मग वरीसभर मला बिबट्या कावून सांगितला? मला वाटलं भ्रमिष्टावानी बोलाय लागले.’

मी कांद्याची पिशवी पायानं सरळ केली. घरी गेल्यावर तो कुणाशी तरी फोनवर बोलला, पण ओसरीच्या पलीकडं जाऊन, आणि विचारायला जाणं माझ्या स्वभावात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला उठलो. मेंढरांभोवतीचं वाघूर जाळं सोडलं, मेंढरं बाहेर काढली, एकेक बघून घेतलं. माझी काठी घेतली. कुडात बापाची जुनी काठी खोचलेली होती, घाटावरच्या बाभळीची. तीही काढली, पुसली आणि पोराच्या मोटारसायकलीच्या सीटवर आडवी ठेवून दिली.

रोजची वाट पाराच्या मागून आहे. त्या दिवशी मी मेंढरं मुद्दाम पारासमोरून घातली. गुरुजी पेपर वाचत होते. आमच्यातले सहा-सातजण तंबाखू मळत बसलेले. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘त्या मशीनमध्ये मी झोपलतो. काल सांगून आलो.’

तंबाखू चोळायचे अंगठे थांबले. मग सगळ्यांत थोरला होता तो, ज्यानं जन्मात कुसळाशिवाय काही सांगितलं नाही, जमिनीकडं बघत म्हणाला, ‘घोरलास का बे?’

‘घोरलो.’

‘मग माझ्यापरीस बरा. मला मशीनवाल्यानं पाय हलवून उठवलं.’

एकजण हसला. मग दुसरा म्हणाला, शिराच तसला होता. गुरुजींनी पेपर खाली केला आणि म्हणाले, म्हणजे निकाल खोटा? मी म्हणालो, तुमचा जिराफ खरा हाय, तेवढा सांभाळा. आणि बाकीच्यांना सांगितलं, सोमवारपासून सकाळी सहाला जीप, रोज चारजण, कुणीही भाकरी खाऊन यायचं नाही, आणि ती बाई विचारील त्याला कुसळ सांगायचं नाही. थोरला म्हणाला, बघू. आमच्यात बघू म्हणजे येतो.

तेवढ्यात मागून मोटारसायकल आली. पोरगा होता, दुकानाला निघालेला, पाठीला पिशवी. काठी त्यानं हँडलवर आडवी धरली होती, वेडीवाकडी, पडेल अशी. थांबला. म्हणाला, पाटोद्याच्या माणसाला सध्या येऊ नको म्हणून सांगितलंय, संक्रांतीपर्यंत बघू. मग काठीकडं बघून म्हणाला, ‘दुपारी कुठं असता?’

मी म्हणालो, बंधाऱ्याच्या वरल्या लिंबाखाली. बारा ते दोन.

तो म्हणाला, दोन तास दुकान बंद ठेवावं लागंल. मी म्हणालो, काठी अशी धरत न्हाईत. खाली उतरवून त्याला धरायला शिकवली, तिथंच, पारासमोर, सगळ्यांच्या देखत. मग मेंढरं वर घातली.